बापूसाहेबाचं गोणपाट

मानवत, मंगळवार, १८ एप्रिल १९७८

डोकं अजून तापलेलंच आहे. पोखर्णीच्या जमीनदार बापूसाहेबाची जुनी मोटार आज वाफा सोडत माझ्या मोटार-वायरिंगच्या दुकानात परत आली. मागच्याच आठवड्यात मी तिच्या रेडिएटरच्या पुढच्या बाजूला विजेचा पंखा आणि थर्मोस्टॅट स्विच बसवला होता. पाणी तापलं की पंखा आपोआप सुरू व्हावा, एवढंच त्याचं काम. वायर न् वायर तपासून दिली होती. आणि हा माणूस चार गिऱ्हाइकांसमोर माझी जात काढत म्हणतो, "तुझ्या वायरिंगमधीच खोट हाय. तुमच्या लोकायला असली कामं जमायची न्हाईत."

बॉनेट उघडलं. वायरिंग जशीच्या तशी. उन्हाळा म्हणून यानं पुढच्या जाळीवर ओलं गोणपाट बांधलेलं. त्याचे धागे पंख्यात गुंतून पंखा अडकलेला, फ्यूज उडालेला. गोणपाट! दाखवलं, तर म्हणाला, "आमी निजामाच्या काळापासून बांधत आलोत. तू नको शिकवू मला. भिजवून बांध परत."

मी त्याचं का ऐकलं? भिऊन? नाही. धागे काढले, नवा फ्यूज घातला, गोणपाट भिजवून सांगितलं तसं बांधलं. पोखर्णी यायच्या आत ते पुन्हा गुंतणार, हे मला माहीत होतं. दोन गाठी मी माझ्याकडून जास्त मारल्या.