मशीन बंद करू नका

मॅडम, तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. पण आज हे सांगायला मला या शहरात दुसरं कुणी सुचत नाही. क्रांती चौकातल्या ऑफिसात बसलोय आणि भिंतीवर डोकं आपटायची वेळ आलीय. आम्ही नवजात बाळांना ऊब देणारी मशीनं बनवतो. इथल्याच एका दवाखान्यात त्यातलं एक चालता चालता गोठतं, म्हणजे पडदा, बटणं, सगळं जागच्या जागी थांबतं. हीटर आपोआप बंद होतो, म्हणून बाळ भाजत नाही, पण गार पडतं. सिस्टर ते बंद करून चालू करतात, मशीन शहाण्यासारखं चालायला लागतं, आणि ते का मेलं होतं हे कळायची खूण तिथंच पुसली जाते. ऑफिसात आणून ठेवलं तर एकदाही गोठत नाही, हूं की चूं करत नाही. मशीन परतच नेतो म्हटलं, तर सिस्टर विचारतात, "मग लेकरू कुठं ठेवू, टेबलावर?"

तुमचं पडेगावचं स्वयंपाकघर आठवतं. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, मी प्रोजेक्ट घेऊन आलोय आणि तुम्ही भाकरी थापताय. माझा प्रोग्रॅम कोसळला की आधी पडद्यावर मोठा संदेश छापायचा, मग रजिस्टरं वाचायचा. रजिस्टरं म्हणजे प्रोसेसरच्या हातातलं सामान: कुठली ओळ चालू होती, कुठला आकडा धरला होता. संदेश छापायलाही तेच हात लागतात, त्यामुळे आधीचं सगळं सांडून गेलेलं. तुम्ही पिठाचे हात माझ्यापुढं धरता. "मरताना बोंबलत बसतो व्हय रे तुझा प्रोग्रॅम? आधी हातातलं नीट ठेव, मग बोंबल. ठेवलंच नाय तर लोकांना काय सांगशील, लई वाईट झालं म्हणून?" माझं तोंड एवढंसं झालं. मग तुम्ही तव्यावरची भाकरी माझ्याच ताटात टाकलीत.

या खेपेला तसंच केलंय. कर्नेल, म्हणजे मशीन चालवणारा मूळ प्रोग्रॅम, कोसळला की पहिलं काम रजिस्टरं मेमरीतल्या राखीव जागी ठेवायची, बाकी सगळं नंतर. पण ती जागा वीज असेपर्यंतच टिकते. कायमच्या साठवणीत लिहायचं, तर ती चालवणारा कर्नेलच मेलेला असतो. म्हणून सिस्टरना बजावलं, की मशीन गोठलं तर बंद करू नका, मला फोन करा, मी लॅपटॉप घेऊन येतो आणि ठेवलेलं वाचून घेतो. त्या नुसतं "बघू" म्हणाल्या.

काल दुपारी त्यांचा फोन आला.

"गोठलं साहेब, परत."

"बंद करू नका! मी निघालोच."

"केलं की बंद. चालू बी केलं."

"अहो, सांगितलं होतं ना मी!"

"सांगितलं व्हतं. पण लेकराचे पाय गार पडले व्हते, अन् दुसरं मशीन रिकामं नाय. तुमच्या आकड्यांसाठी त्याला तसंच ठेवू व्हय?"

मी फोन आपटला. हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणून सिस्टरवर चडफडत बसलो. बाळ कसं आहे हे विचारायचं राहूनच गेलं, आणि आता परत फोन लावायला हात धजत नाही. मशीन तिथंच चालू आहे. ते पुन्हा गोठणार, आणि तेव्हा त्यात कुणाचं लेकरू असेल हे ना त्यांना ठाऊक, ना मला.

हे पत्र पाठवणार तरी कुठं? पडेगावच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. तुम्ही समोर असतात तर हे तोंडातून निघालंही नसतं. मशीन कोसळावं म्हणून मी रोज वाट बघत होतो, मॅडम. काल सिस्टरचं नाव मोबाइलवर दिसलं, तेव्हा मला आनंद झाला.