ग्रीकांशी मोडलेली दोस्ती

बाबा,

'तीर्थरूप' असं लिहून सुरुवात केली असती, तर तुम्ही लगेच विचारलं असतं, "काय पाहिजे हिला?" म्हणून नुसतंच बाबा.

काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. तुमच्या लेकाने, प्रशांतने, सगळं नीट केलं. पानं वाढायला घेतली आणि बघते तर दारात रामेश्वरजी! आम्ही बोलावलं नव्हतं. कसं बोलावणार? मिलमध्ये आयुष्यभर शेजारशेजारचे माग सांभाळलेला तुमचा दोस्त, पण पुढे तुम्ही त्यांचं नावसुद्धा घरात घेऊ दिलं नाहीत. ते जेवले, तुमच्या फोटोपुढे जरा उभे राहिले आणि चपला घालताना मला म्हणाले, "बहू, वो रोम वाले खेल का आख़िर में क्या हुआ?"

"सांगते कधीतरी," म्हणून मी आत पळाले. त्यांना सांगायच्या आधी तुमच्याशी बोलायला हवं, म्हणून हे पत्र.

मी सांगलीहून लग्न होऊन परदेशीपुऱ्यात, मिल कामगारांच्या वस्तीत, आले आणि वर्ष व्हायच्या आत मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. झेंडावंदनाला साहेबांनी लाडू वाटले होते, "हम सब एक परिवार हैं" म्हणाले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत नोटीस. तेव्हापासून गोड बोलणाऱ्या माणसाची तुम्हाला भीतीच बसली. दूधवाला हसला तर तुम्ही दुधात बोट बुडवून बघायचात. प्रशांत औषधांच्या कंपनीच्या कामाला रतलाम-झाबुआ फिरायचा, त्याचा फोन आला की विचारायचात, "आज इतक्या लवकर का केला? काय लपवतोय?" मी तर परगावची! माझ्यावर तुमची नजर असायचीच.

मी घरी टायपिंगची कामं घ्यायला लागले तेव्हा जुना कॉम्प्युटर घेतला, आठवतं? आधीच्या मालकाने त्यात तो रोमन लढायांचा खेळ तसाच ठेवला होता. एका दुपारी पडद्यावर हत्ती दिसले आणि तुम्ही खुर्ची ओढून मागे बसलात. "हे काय चक्कर आहे?"

चक्कर मोठी होती. आपण एक रोमन घराणं. थोडी गावं, थोडी फौज, वरून हुकूम सोडणारी सिनेट. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगायची, तुम्ही हुकूम द्यायचात. माउसला तुम्ही कधी हात लावला नाहीत. सिनेटला तुम्ही 'मॅनेजमेंट' म्हणायचात. ती नावं तुमच्या जिभेवर बसेनात, म्हणून सेनापती मार्कसचा मारुतीराव झाला.

आणि केवढे ते हेर! पैसा आला की हेर.

"बाबा, आपल्याच गावात हेर कशाला?"

"पहिले आपल्याच गावात," तुम्ही म्हणालात. "दुश्मन काय, तो तर दिसतोच."

एकदा मी एका शब्दाचा अर्थ 'मित्रराष्ट्र' असा सांगितला. तुम्ही ती अक्षरं पेनाने तळहातावर उतरवून घेतलीत आणि कोपऱ्यावरच्या पीसीओवाल्याला विचारून आलात. "बरोबर सांगितलंस," म्हणालात, जणू मी परीक्षेत पास झाले! मला किती लागलं होतं, कळलं होतं का तुम्हाला? मी त्या दिवशी जेवले नाही. तुम्हाला वाटलं, माझं माहेरी जायचं काहीतरी शिजतंय.

मग रामेश्वरजी यायला लागले. त्यांनाही रिकामी दुपार खायला उठायची. पडद्यासमोर तुम्ही दोघं मागावर वाद घालायचात तसेच वाद घालायचात. ग्रीकांनी दोस्तीचा निरोप पाठवला तेव्हा तुम्ही म्हणालात, "नाही. मीठा बोलतायत." रामेश्वरजी हसले. "विनायक भिया, अकेले कहाँ तक लड़ोगे? किसी पे तो भरोसा करना पड़ेगा." तुम्ही माझ्याकडे बघून होकाराची मान हलवलीत. मी तह केला. ग्रीकांनी तो पाळलाही. सिसिलीत आपली फौज अडकली तेव्हा त्यांनी जहाजं पाठवली, आणि तुम्ही टाळी वाजवलीत! ती टाळी मी कधी विसरले नाही. मिल बंद झाल्यापासून तुम्हाला इतकं खुश मी पाहिलं नव्हतं.

त्याच सुमाराला फाटकावर कुजबुज सुरू झाली. मिल बंद व्हायच्या आधीच्या संपात पुढे असणाऱ्यांची नावं कामगारांतल्याच कोणाकडून तरी साहेबांपर्यंत पोचली होती म्हणे. कोणी पोचवली? आणि मग कळलं, रामेश्वरजींच्या मुलाला पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात काम मिळालं. कारखाना साहेबांच्या मेहुण्याचा. संपलं! तुम्ही कोणाला काही विचारलं नाहीत. त्यांना तर नाहीच.

पुढच्या दुपारी ते मुलाच्या नोकरीच्या कचोऱ्या घेऊन आले. मी बशीत काढून समोर ठेवल्या. तुम्ही हात लावला नाहीत. बशी त्यांच्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, "पहले तू खा."

रामेश्वरजींना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एक कचोरी उचलली, तुमच्यासमोर बसून सगळी खाल्ली, मोरीत हात धुतले आणि निघून गेले. मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. बाबा, त्या चेहऱ्यावर राग होता की पकडलं गेल्याची लाज, हे मला तेव्हाही कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

तुम्ही मात्र खुर्चीवर येऊन बसलात. "लाव तो खेळ. ग्रीकांवर हल्ला कर."

"अहो, ते आपले मित्र आहेत. त्यांनी काही केलं नाहीये."

"अजून केलं नाही. करणार आहेत."

मी केला हल्ला. हुकूम तुमचा होता. त्यांचं एक बंदर आपण सहज घेतलं आणि मग सगळंच फिरलं. ग्रीकांची सगळी जहाजं आपल्यावर आली. सिनेटने हात वर केले. सिसिली गेली. आपल्या स्वतःच्या गावांत बंडं झाली, इतके हेर असून! शेवटी राजधानीच्या तटाखाली मारुतीराव पडला.

तुम्ही पडद्याकडे बोट दाखवलंत. "बघितलंस? शेवटी ते आपल्याशी लढलेच ना? मी म्हणत नव्हतो?"

"बाबा, सुरुवात आपण केली."

तुम्ही उठलात, टोपी घातलीत आणि बाहेर गेलात. कॉम्प्युटरसमोर पुन्हा कधी बसला नाहीत.

त्यानंतर किती काळ गेला! मिलच्या जागेवर काय काय आलं, आपण घर बदललं, तुम्ही आजारी पडलात. दवाखान्यात एका सकाळी मी तुमचं तोंड पुसत होते तेव्हा तुम्ही एकदम म्हणालात, "ग्रीकांवर हल्ला केला नसता तर?"

मला वाटलं तुम्ही भ्रमात आहात. तरी मी सांगितलं, "तर बहुधा ते मित्रच राहिले असते."

"बहुधा म्हणजे काय?" तुम्ही डोळे बारीक करून विचारलंत. "पक्कं सांग."

पक्कं कसं सांगू, बाबा? कोणाबद्दल कोणाला पक्कं सांगता येतं? तुम्ही आयुष्यभर तेच मागत राहिलात. ते मिळेना म्हणून जे हातात होतं तेही सोडलंत. एकदा रामेश्वरजींच्या घरी जाऊन सरळ विचारायचं होतंत! हो म्हणाले असते तर भांडला असतात, नाही म्हणाले असते तर चहा प्यायला असतात.

आणि खरं सांगू? काल रामेश्वरजी जेवत होते तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्यावर नजर ठेवून होते. आज का आले? फोटोसमोर का थांबले? माफी मागायला, की तुम्ही खरंच गेलात हे बघायला? तुमचा संशय माझ्यात कधी उतरला, मला कळलंच नाही. हे काय ठेवून गेलात माझ्यासाठी!

पण एक वचन देते. येत्या रविवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे. नावांचं ते काही विचारणार नाही. तो प्रश्न तुमचा होता आणि त्याची वेळ गेली. त्यांनी खेळाचं विचारलंय, तेवढंच सांगेन. आपण हरलो. ग्रीक शेवटपर्यंत तहाला जागले होते. हल्ला आपण केला.

रागावलात तरी चालेल. मी जाणारच आहे.

तुमची सून,
वैशाली