जास्तीची अक्षरं

३ जून
आज रुजू झालो. खिडकीजवळचं टेबल, नवी खुर्ची, आणि मॅडम स्वतः चहा घेऊन आल्या! काम म्हटलं तर सोपं. ही कंपनी लोकांचे करार प्रोग्रामच्या रूपात ब्लॉकचेनवर चढवते, म्हणजे अशा वहीत जिच्यातलं काहीच पुसता येत नाही. करार जितका लांब, तितकी फी. त्या फीला गॅस म्हणतात. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, सिलिंडर संपला की कळव. हल्ली फी अंदाजाच्या दीडपट लागते. पाणी कुठे मुरतंय ते मी शोधायचं. माझ्याआधी हेच काम करणारा माणूस कोपऱ्यात बसतो, सगळे त्याला दादा म्हणतात. आता तो फक्त कागद फायलीला लावतो. फार दमला होता, असं मॅडम म्हणाल्या.

७ जून
सरावाच्या, म्हणजे लुटुपुटूच्या ब्लॉकचेनवर फी पै न पै जुळते. खऱ्या ब्लॉकचेनवर माझ्या डिजिटल सहीने तीन करार चढवले, तिन्ही फुगले. आपण पाठवतो त्यापेक्षा जास्त अक्षरं तिथे पोचतात. मध्ये कुणी हात लावत नाही. मनात पाल चुकचुकली.

१० जून
जास्तीची अक्षरं उलगडली. दादाच्या सहीने चढलेल्या जुन्या करारांत कुणाच्या तरी आठवणी आहेत, साध्या मराठीत. आजारी आई, उशाशी बसलेला मुलगा, तिने मागितलेलं पाणी. दादाला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि विचारलं, "कुणाची आई ही?"

११ जून
माझे तीन करार उघडले. एकात लिहिलंय, ताईने सायकल सोडली आणि मी उतारावरून थेट दगडावर. मला असलं काही आठवत नाही. ताईला फोन केला. ती आधी हसली. मग हळूच म्हणाली, "अरे, मग हनुवटीवरची खूण कसली?"
आरशात पाहिलं. खूण आहे.

१२ जून
मॅडमना सांगितलं, थांबवा. तुझी सही यंत्रात आहे, म्हणाल्या, करार आता आपोआप चढतात. या आठवड्यात चाळीस. तुम्हाला माहीत होतं का, विचारलं. म्हणाल्या, "सुरुवात माझ्या सहीने झाली होती."

१४ जून
सही रद्द होत नाही. पासवर्ड लागतो — तो होता माझ्याकडे. आज शाळा गेली असावी. इमारत दिसते, आत मी नाही.

१५ जून
एक बाई सारखी फोन करते. फोनवर ‘ताई’ असं नाव येतं. रडते. निघालेय, दार उघडं ठेव, म्हणते. आवाज मायेचा आहे. कोण ते विचारायची लाज —

दुपारी
उरलंय तेवढं लिहून ठेवतो. वडील उंच. चप्पल घासत चालायचे. आईचं नाव — सोपं आहे, रोज तोंडात असतं — आईचं नाव