फुटलेल्या आठ गाण्यांबाबत

मी, वय एकाहत्तर, अर्धांगवायूने डावी बाजू गेलेला पण डोकं शाबूत असलेला, हे मृत्युपत्र माझ्या उजव्या हाताने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही; असलाच तर माझ्याच मनाचा आहे.

१. राहतं घर आणि खालचं दुकान धाकट्या बहिणीला द्यावं. मी लग्न केलं नाही, दुसरा वारस नाही. 'मोबाइलमध्ये गाणी-सिनेमे भरून मिळतील' अशी दुकानाची पाटी होती. इंटरनेटवरून चोरून उतरवायचं आणि गिऱ्हाइकाला भरून द्यायचं, हाच धंदा. कोणी टोकलं तर म्हणायचो, "मूळ गाणं जागच्या जागी आहे की! मी कोणाच्या घरातून काय उचललं?" एक नर्स अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी जुनी गाणी भरून न्यायची. तिला दिली, त्याचा पश्चात्ताप आजही नाही.

२. कपाटातली सीडी बहिणीला परत करावी. तिने गायलेल्या आठ गाण्यांची ती पहिली प्रत. बाजारात यायला पंधरा दिवस होते. "दादा, आधी तू ऐक. पण कोणाला देऊ नकोस हं," म्हणाली होती. ऐकून माझी छाती फुगली. समोरच्या शिंप्याला ऐकवलं. त्याने मागितली, दिली. मग त्याच्या मेव्हण्याने मागितली. आठवड्यात बस स्टँडपर्यंत सगळ्यांच्या फोनवर तीच गाणी. सीडी आली ती दुकानांत धूळ खात पडली. गाण्यांच्या कंपनीने तिची दुसरी सीडी काढली नाही, आणि बहीण पुन्हा गायली नाही. बँकेला फोन लावला की 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारा आवाज तिचा आहे.

३. दोन्ही स्पीकर आणि चांगले हेडफोन, ती आठ गाणी ज्याने मुद्रित केली त्या ध्वनिमुद्रकाला द्यावेत. बहिणीचं लग्न त्याच्याशीच ठरलं होतं. गाणी त्याच्याकडून फुटली असं तिने धरलं. "तुझ्याशिवाय प्रत होती कोणाकडे?" असं माझ्यादेखत विचारलं. मी तिच्या हिशेबातच नव्हतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. लग्न मोडलं, त्याची नोकरीही गेली. याला एकोणीस वर्षं झाली. आता तीच मला उचलून बसवते, दाढी करून देते, आणि ती जितकी माया करते तितका माझा जीव घुसमटतो.

४. शिंप्याला काहीही देऊ नये. तिला आपणच प्रसिद्ध केलं असं तो अजून सांगत फिरतो; प्रत कोणी दिली ते तेवढं सांगत नाही.

५. हे कलम दोन दिवसांनंतरचं. साक्षीसाठी ध्वनिमुद्रकालाच बोलावलं होतं. वाचून तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं. पण तुम्ही गेल्यावर तिने भांडायचं कोणाशी? आधी तिला वाचून दाखवा, मग सही करतो."

तिला हाक मारली. वाचून दाखवलं. ती त्याला म्हणाली, "तू तेव्हा बोलला का नाहीस?"

"भावाविरुद्ध माझं ऐकलं असतंस?"

ती माझ्याकडे वळली. एवढंच म्हणाली, "घर नको मला." तरी कलम एक कायम आहे.

तेव्हापासून औषध वेळेवर मिळतं, कूस बदलून मिळते. शब्द मिळत नाही. आज तो सहीसाठी पुन्हा आला आहे. बाहेरच्या खोलीत दोघं केव्हाची बोलताहेत. मला इथून काही ऐकू येत नाही, आणि उठून जाता येत नाही.

ठिकाण: राहतं घर, मागची खोली
दिनांक: १४ मार्च

सही: दादा

आमच्यासमोर सही केली:
१. ध्वनिमुद्रक
२. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर