वाक्य चूक नव्हतं

१४ जुलै

प्रिय मने,

तुला, जावईबापूंना आणि चिमणीला पोटभर आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण पडद्यांची शिलाई चालू आहे.

चिमणीशी बोलता यावं म्हणून मी इंग्रजीच्या वर्गाला जाते, हे तुला ठाऊकच आहे. दोन महिन्यांपूर्वी तिथे एक गंमत झाली. तुला सांगायची राहिली. राहिली म्हणजे, सांगितली नाही.

बाई म्हणाल्या, समोर बघा आणि काय चाललंय ते बोला. माझ्या समोर कुलूपवाले बसलेले. अगं, आमच्या दुकानाशेजारी किल्ल्या घासतात ना, तेच. मी ठणकावून म्हटलं, "आय ॲम सीइंग हिम!"

हशा पिकला. बाई म्हणाल्या, "दिसणं, कळणं, आवडणं, हवं असणं या स्थिती आहेत. त्यांना सहसा 'इंग' लावत नाहीत."

"का म्हणून? आम्हाला तर दिवसभर दिसतंय, कळतंय, हवंसं वाटतंय!" मी म्हटलं.

"इंग्रजीत कळलं की कळलं. आणि 'सीइंग हिम' म्हटलं तर अर्थच बदलतो. म्हणजे तुमचं दोघांचं जमलंय."

माझे कान तापले. कुलूपवाले मात्र शांतपणे म्हणाले, "मग यांचं वाक्य चूक नाही. जरा लवकर झालंय, इतकंच."

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात भुणभुणतोय. आवडणं चालू नसतं, तर मग काय असतं? तुझे बाबा गेल्यावर मला वाटलं होतं, ते एकदाच होतं आणि संपतं. शेवटी बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "हळूहळू वाढत असेल, तर कधीकधी 'इंग' चालतं."

वर्ग सुटला की आम्ही दोघं बरोबरच परततो. त्यांची बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. मागच्या आठवड्यात आपल्या जिन्यापाशी त्यांनी विचारलंच.

मी म्हटलं, "विचार करतेय."

"त्या क्रियापदाला 'इंग' चालतं," ते म्हणाले. "सावकाश करा."

मने, काल मी होकार दिला.

फोनवर तू लगेच काहीतरी बोलली असतीस आणि मी विषय बदलला असता, म्हणून हे पत्र. राग आला तर राग लिही, पण लिही. सुट्टीत येशील तेव्हा दार कदाचित ते उघडतील. बिचकू नकोस.

तुझीच, आणि आता थोडी स्वतःचीही,
आई