माउसखालचं घड्याळ

४ मार्च, मंगळवार
परत तेच! रक्ताच्या नळ्या समोर, हातात मोजे, आणि स्क्रीन काळी. पाच मिनिटं हात लागला नाही की कुलूप. मोजे काढा, पासवर्ड टाका, मोजे घाला — तोवर पुन्हा कुलूप. पासवर्ड दर महिन्याला नवा. लेकीचं नाव ठरवायलाही इतका वेळ लागला नव्हता.

शेजारीण हसते. लॅबमध्ये बाजूच्या टेबलावर बसते म्हणून शेजारीण. म्हणाली, "टाकताना पुटपुटतेस गं तू. मलाच पाठ झालाय तुझा पासवर्ड."

६ मार्च, गुरुवार
कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम घातली. म्हणजे होतं ते सगळं आहे, फक्त सापडत नाही. वर नळ्यांच्या लेबलांचा प्रिंटर बंद. कुलूपबाबांना फोन केला — हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर सुरक्षेचे साहेब. नाव मीच ठेवलंय. म्हणे, "सॉफ्टवेअर तपासूनच टाकावं लागेल. आठवडा जाईल." तोवर नावं हाताने लिहा! चोर सोडून संन्याशाला फाशी.

७ मार्च, शुक्रवार
मोठ्या डॉक्टरांपुढे रडगाणं गायलं. "नळ्यांची अदलाबदल झाली तर जबाबदार कोण?" — हे बरोबर लागू पडलं. माझ्यासमोरच फोन लावला त्यांनी: "बाईंना कॉम्प्युटरमध्ये हवं ते सॉफ्टवेअर घालायचे अधिकार देऊन टाका." कुलूपबाबा आले ते एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून. जाताना म्हणाले, "मॅडम, बाहेरून काही उतरवू नका. आधी मला विचारा."

चहाच्या सुट्टीत एका साइटवर सॉफ्टवेअर सापडलं. फुकट. उतरवलं. प्रिंटर सुरू!

१० मार्च, सोमवार
कुलपावरही तोड निघाली. माउसखाली ह्यांचं जुनं घड्याळ ठेवायचं. सेकंदकाटा फिरतो, माउसला वाटतं हात हलतोय. बाण जागच्या जागी थरथरत राहतो आणि स्क्रीन झोपत नाही. शेजारीण म्हणाली, "तुला तर सुरक्षेतच नोकरी द्यायला हवी."

१२ मार्च, बुधवार
जेवून आले तर बाण पार दुसऱ्या कोपऱ्यात. ह्यांच्या घड्याळाला उगाच पाय फुटलेत!

१४ मार्च, शुक्रवार
ताईचा फोन. तिच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, रक्त पातळ राहायची गोळी जन्माची. रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी आमच्याकडेच; आकडा कमी आला की डॉक्टर गोळी वाढवतात, जास्त आला की कमी करतात. म्हणाली, "अगं, बुधवारपासून दुप्पट केलीय. तुझ्याच रिपोर्टवरून."

मशीनवर तिचा आकडा चांगला आलेला मी स्वतः पाहिला होता. रिपोर्ट उघडला. आकडा निम्म्याहून कमी. खाली माझं नाव. पाठवलाय बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत.

तिच्या डॉक्टरांना सांगून गोळी थांबवली. पण दोन दिवसांचं पोटात गेलंय.

१७ मार्च, सोमवार
ताई वरच्या वॉर्डात. नाकातून रक्त थांबत नाही.

कुलूपबाबा आले, सोबत मोठे डॉक्टर. आणखीही काही रिपोर्ट बदललेले निघाले. सगळे माझ्या नावाने, माझ्याच कॉम्प्युटरवरून. हळू आवाजात विचारलं, "मॅडम, बाहेरून काही उतरवलं होतंत का?"

मी नाही म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. वर शेजारणीकडे बोट दाखवून म्हणाले, "पासवर्ड मात्र हिला पाठ आहे."

खोटं कुठे होतं ते! मोठ्या डॉक्टरांना तेवढंच पुरलं. कुलूपबाबा कॉम्प्युटर तपासायला न्यायचा म्हणत होते, तर डॉक्टर म्हणाले, "माणूस सापडलाय. लॅब बंद ठेवता येणार नाही." चौकशी होईपर्यंत शेजारीण घरी. पिशवी भरताना मला म्हणाली, "तुला खरंच असं वाटतं?" मी नळ्या लावत राहिले.

१८ मार्च, मंगळवार
पासवर्ड बदलला. पुटपुटले नाही. ऐकायला तरी कोण आहे.

१९ मार्च, बुधवार
रक्त थांबलं! ताई दोन घास जेवली. आता गोळी फार दिवस बंद ठेवली तर झडपेवर गुठळी धरेल. उद्याच्या आकड्यावरून पुन्हा किती द्यायची ते ठरणार. आकडा चुकला तर यावेळी सावरायला जागा नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिची नळी मीच लावणार, रिपोर्टही मीच पाठवणार. चोर तर गेला.

२० मार्च, गुरुवार
ताईची नळी मशीनला लावून हात धुवायला गेले. आले तर बाण हलत होता. थरथरत नव्हता — चालत होता. नावांच्या यादीवरून सावकाश खाली. मी माउस उचलला. हातात उचलला तरी बाण चालतच राहिला.

खाली घड्याळ बंद. तारखेच्या चौकटीत अकरा. म्हणजे बारा तारखेला बाण हलवला तो ह्याने नव्हेच.

बाण ताईच्या नावावर येऊन थांबला. मी कॉम्प्युटरची नेटची वायर उपटली. मग शेजारणीला फोन लावला. ती उचलत नाही.