खाचरातला चौक

साखरशेत, ता. जव्हार
६ ऑक्टोबर २०२५

चि. कमूस आत्याचा आशीर्वाद.

खोडाळ्याला तुझ्या सासरी सगळी बरी असतील. इकडे पाऊस ओसरला, भात पिवळं पडायला लागलंय. शेळी व्याली. फोन केला असता, पण फोनवर मला नीट बोलता येत नाही.

आपल्या खाचराचा फोटो तुझ्या मोबाईलवर आला असेल. शेजारच्या नीलेशने टेकडीवरून काढला. हिरव्या भातात काळपट भाताचा मोठा चौकोन. कडेला फणी, शिडी, सूर्य, चंद्र. मग आठवडाभर माणसं येत होती, पार नाशिकहून. एक चष्मेवाले म्हणाले, "बाहेरच्या देशांत शेतात अशी चक्रं उमटतात. उडत्या तबकडीचं काम." फणीला ते अँटेना म्हणाले. शिडीवरून म्हणे कुणी खाली उतरतं.

"मावशी, रात्री उजेड दिसला का?"

"मला लवकर झोप लागते," मी म्हटलं.

कमू, ते मी लावलंय. जामसरहून काळ्या पानाच्या भाताचं बी आणलं, त्याचं रोप वेगळं केलं आणि आवणीला एकटीच वाकले. दोरी धरायलाही कुणाला बोलावलं नाही.

तुझ्या लग्नाचा, भिंतीवर लिहायचा चौक आहे तो. लहानपणापासून तू म्हणायचीस, माझा चौक आत्याच लिहील. पाड्यातल्या कितीतरी पोरींचे मी लिहिलेही. पण माझा घरधनी गेला, आणि वैशाखात तुझ्या घरची भिंत सारवून झाल्यावर तुझ्या आईने तांदळाच्या पिठाची वाटी माझ्या हातातून हळूच काढून घेतली. "हौशीताय, आता सवाशिणी लिहितील." तिचं चुकलं नाही, रीतच आहे. मी घरी परत आले. ताप आला म्हणून तुला निरोप धाडला. ताप नव्हता गं.

विधवेने चौक मांडला हे कळलं तर पाडा काय म्हणेल? म्हणून आभाळातून पडला म्हणतात, ते म्हणू दिलं.

परवा बुधी आली, तुझं लग्न लावणारी धवलेरी. टेकडीवरून उतरून सरळ माझ्या अंगणात.

"हात तुझाच," ती म्हणाली. "पण मधे पालघट देवी कुठाय? तिच्याबिगर लग्न लागतं का?"

"मी कशी बसवू देवीला?"

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "कुणाला नाय सांगत" म्हणाली, आणि चहा न घेताच गेली. त्यानंतर इकडे कुणी फिरकलं नाही. लोकांचं बघून झालं.

पुढच्या आठवड्यात कापणी. विळा लागला की चौक संपला. त्याआधी ये. टेकडीवर चढून एकदा बघ. माझ्याशी न बोलता तशीच परत गेलीस तरी चालेल.

तुला हळद लागताना न पाहिलेली,
आत्या हौशी